पंचायतीची पेटी

"ए पोरी, नेट लागतंय ना फुकटचं? मग आधी ते शेण उचल."

अण्णा झोपाळ्यावर होते. मी त्यांच्या अंगणाच्या भिंतीवर. एका हातात आईचा मोबाईल, मांडीवर वही. बारावीचं वर्ष. भिंतीवर आणखी पाच-सहा जण बसलेले, सगळे आमच्याच वस्तीचे, सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. कुणी वर बघितलं नाही. मी बघितलं, कारण 'ए पोरी' म्हणजे मीच होते.

गोठ्यापुढं म्हशीचं ताजं शेण पडलं होतं. मी वही भिंतीवर ठेवली. मोबाईल कुठं ठेवावा कळेना. तो डाव्या हातातच धरला आणि उजव्या हातानं शेण उचललं. चार खेपा केल्या. मोबाईलमध्ये जीवशास्त्राच्या बाई हृदयाचे कप्पे शिकवत होत्या. मी उकिरड्यावर शेण टाकत होते आणि बाई सांगत होत्या, रक्त इथून आत येतं आणि इथून बाहेर जातं. पेपरात नेमका तोच प्रश्न आला. मी बरोबर लिहिला. आजही हृदयाची आकृती बघितली की मला आधी शेणाचा वास येतो.

हात धुवायला मी हौदाकडं वळले.

"तिकडं नको," अण्णा म्हणाले. "त्या डबड्यातलं घे."

मी डबड्यातलं घेतलं. हात पुसले. परत भिंतीवर जाऊन बसले. हे मला सांगायला लाज वाटते, पण सांगायचंच ठरवलंय तर पूर्ण सांगते. मला त्या दिवशी राग आला नव्हता. बाईंचा तास बुडाला नाही, याचंच बरं वाटलं होतं.

आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटपासून नऊ किलोमीटर आत. गावाला एका बाजूनं डोंगर आडवा. त्या डोंगराच्या आडोशाला ओढा, ओढ्यापलीकडं आमची वस्ती. गावात फोन लागतो पण नेट चालत नाही, वस्तीवर तर रेंजच नाही. माळावर चढून गेलं तर एक काडी येते, तीही वाऱ्याबरोबर जाते. वस्तीतली झाडून सगळी घरं ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतो, माणसं, भांडी, कोंबड्या, शेळ्या सगळं त्यात चढतं, आणि वस्ती पार उन्हाळा लागेपर्यंत कुलपात राहते.

अण्णा म्हणजे गावचे पुढारी. आधी ते सरपंच होते. मग जागा बाईला सुटली, तर काकू सरपंच झाल्या. काकू म्हणजे अण्णांची बायको. कागदावर काकू, झोपाळ्यावर अण्णा. पंचायतीची मिटिंग झोपाळ्यापुढंच व्हायची. ऊसतोडीचा मुकादम अण्णांच्या भावकीतला. टोळीत कुणाला घ्यायचं, कुणाला घरी ठेवायचं, हे सुद्धा त्याच झोपाळ्यावर ठरायचं.

आणि नेटही अण्णांचंच. म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. दोन वर्षांमागं गावात जमिनीखालून वायर आली. रस्त्याच्या कडेनं चर खोदले, आमच्याच माणसांनी खोदले. ती वायर अण्णांच्या घरात शिरली आणि घरावर एक पांढरा दांडा उभा राहिला. मोबाईलमध्ये नाव दिसू लागलं, 'अण्णाकृपा'. अण्णांनी सांगून टाकलं, आपल्या गावासाठी मी नेट आणलंय, कुणीही वापरा. गावानं त्यांचा सत्कार केला. माझ्या बापानं हार विकत आणून घातला.

कुणीही वापरा म्हणजे कसं, ते नंतर कळलं. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, असा नियम. आपला मोबाईल अण्णांच्या हातात द्यायचा. ते पासवर्ड दाबायचे. तो रोज बदलायचा. देण्याआधी ते मोबाईल उघडून बघायचे. फोटो बघायचे. कुणाचे फोन आलेत बघायचे. "ह्यो कोण गं?" असं विचारायचे. माझ्या मोबाईलमध्ये आईचे, शेळीचे आणि पुस्तकाच्या पानांचेच फोटो होते. तरी तो देताना मी आधी सगळे फोटो एकदा तपासून घ्यायचे. एकानं एकदा मोबाईलमधून शोधून पासवर्ड दुसऱ्याला दिला. अण्णांनी आठ दिवस नेटची पेटी बंद ठेवली. त्यानंतर कुणी कुणाला काही दिलं नाही.

पासवर्डाच्या आधी काम. काम कधी सांगितलं जायचं नाही. 'जरा' म्हणून सांगितलं जायचं. जरा ओटा झाड. जरा कडबा आत टाक. जरा तुरीतले खडे वेच. कौसामावशी आमच्या वस्तीतली, साठीच्या पुढची बाई. निराधारांची पेन्शन चालू राहायला तिला वर्षातून एकदा मोबाईलपुढं चेहरा दाखवावा लागतो, मी जिवंत आहे म्हणून. तो चेहरा दाखवायच्या आधी तिनं अण्णांचं अख्खं अंगण सारवलं होतं. जिवंत असल्याचा दाखला तिनं असा मिळवला.

अण्णा मधून मधून भाषण द्यायचे.

"सरकारनं सगळं फुकट द्यायचं का बे? रेशन फुकट, शाळा फुकट, आता नेट बी फुकट. उद्या घास भरवा म्हणताल."

भिंतीवरचे सगळे हसायचे. मीही हसायचे. हसलं नाही तर पासवर्ड उशिरा मिळायचा.

बारावीला मला चांगले मार्क पडले. नर्सिंगचा अर्ज भरला. त्यासाठी दोन दिवस तुरी निवडल्या. महिनाभरानं यादी लागली आणि यादीत माझं नाव होतं. सरकारी कॉलेज. हॉस्टेल. आमच्या वस्तीतून सिस्टर होणारी पहिली मी. आईला सांगितलं तर ती चुलीपुढून उठली आणि उगाच माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "म्हंजी तू न्हाई येणार आता फडावर?" मी म्हटलं, नाही. फड म्हणजे उसाचं रान, जिथं तोड चालते. आई माझ्या वयाची असताना तिथं माझ्यासकट मोळ्या वाहत होती. ती म्हणाली, "बरं झालं." एवढंच. पण त्या दिवशी तिनं भाकरीबरोबर गूळ दिला.

यादीत नाव आलं म्हणजे जागा मिळाली असं नसतं. पाच कागद नेटवर चढवायचे आणि जागा पक्की केली म्हणून एक बटण दाबायचं. मुदत ठरलेली. संध्याकाळी पाच. पाच म्हणजे पाच. कागद हातात घेऊन कॉलेजात गेलं तरी घेत नाहीत. नेटवरच.

मुदतीच्या आदल्या दिवशी जातीचा दाखला हातात आला, म्हणून तो दिवस गेला. शेवटच्या दिवशी सकाळी मी नांदूरघाटला गेले. तिथल्या दुकानात लाईट नव्हती. लाईट कधी येईल ते दुकानदाराला माहीत नव्हतं. अकरा वाजले, बारा वाजले. मी विचार केला, अण्णांकडं बॅटरी आहे, तिथं नेट बंद पडत नाही. मी जीपनं गावात परत आले. आजवर मी बऱ्याच चुका केल्या असतील, पण ही सगळ्यात मोठी. तासाभरानं नांदूरघाटला लाईट आली होती, हे मला नंतर कळलं.

अण्णांच्या अंगणात पोचले तेव्हा दोन वाजले होते. घरात महालक्ष्म्यांची तयारी चालली होती. बाया भांडी घासत होत्या, आतून धुपाचा वास येत होता. भिंतीवर नेहमीची माणसं. कौसामावशीसुद्धा होती, पेन्शनचं काहीतरी परत अडकलं होतं.

मी अण्णांपुढं मोबाईल धरला. "अण्णा, नर्सिंगचं हाय. पाच वाजेस्तोवर भरायचंय. आजच शेवट हाय."

"मग लई टाईम हाय की," अण्णा म्हणाले. "पाव्हणे यायचेत. जरा बैठक पुसून घे. मग देतो लावून."

बैठक म्हणजे बाहेरची खोली, जिथं अण्णा आलेल्या-गेलेल्यांना बसवायचे. आतल्या घरात मला कुणी बोलावणार नव्हतं, सणाच्या दिवसांत तर नाहीच. काकूंनी दारातून बादली आणि फडकं सरकवलं. मी फरशी पुसली. खिडक्या पुसल्या. अण्णांच्या सत्काराचे फोटो पुसले. एका फोटोत माझा बाप हार घालत होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती. साडेतीन वाजले.

"ती पेटी बी पूस," काकू दारातून म्हणाल्या. "धूळ बसलीया. पाणी लावू नगं, कोरड्यानं पूस."

कोपऱ्यात वर एक लोखंडी पेटी होती. तिच्यात हिरवे दिवे लुकलुकत होते. मी स्टुलावर चढले. वरची धूळ पुसली. बाजूची पुसली. बाजूला एक कागद चिकटवलेला होता, धुळीनं राखाडी झालेला. त्यावरून फडकं फिरवलं तशी अक्षरं वर आली.

ग्रामपंचायत कार्यालय. सार्वजनिक वापरासाठी. शुल्क नाही.

खाली आमच्या गावाचं नाव.

मी तीनदा वाचलं. स्टुलावर उभी राहून. शेणाच्या चार खेपा आठवल्या. डबड्यातलं पाणी आठवलं. आई सांगते, तिच्या माहेरी विहिरीवर आमच्या बायांनी पायरी उतरायची नाही, घागर घेऊन लांब उभं राहायचं. कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर रिकामी घागर घेऊन घरी. विहीर सरकारी होती. मला हे ऐकून नेहमी आईचा राग यायचा. वाटायचं, कशा काय उभ्या राहायच्या या बाया? सरळ उतरायचं ना पायऱ्या. आणि मी? दोन वर्षं भिंतीवर बसले होते. शिकलेली पोरगी मी. एका कागदावरची धूळ पुसायला मला दोन वर्षं लागली.

मी फडकं हातात घेऊनच बाहेर आले.

"अण्णा, पेटी पंचायतीची हाय का?"

झोपाळा थांबला. भिंतीवरच्या माना पहिल्यांदा वर झाल्या.

"कुणी सांगितलं तुला?"

"तिच्यावरच लिवलंय."

"वाचाया लागली वाटतं," अण्णा भिंतीकडं बघून हसले. नेहमीसारखं कुणीतरी हसेल म्हणून थांबले. दोघं हसले. मग ते माझ्याकडं वळले. "असंल पंचायतीची. छप्पर कुणाचं हाय? लाईट कुणाची जळती? पंचायतीच्या खोलीत ठिवली असती तर आजपातूर उंदरांनी खाल्ली असती. माझ्या छपराखाली फुकट खाताय आन वर मलाच इचारताय?"

पावणेचार झाले होते. मोबाईल त्यांच्याच हातात होता. माझा, म्हणजे आईचा.

"भरायचाय ना फारम?" अण्णा म्हणाले. त्यांनी पाय झोपाळ्यावरून खाली सोडला. "पाया पड. चुकलं म्हण. लगीच लावून देतो."

हे सोपं होतं. मी खोटं कशाला बोलू, माझी कंबर वाकायला लागलीही होती. सवय होती तिला. आई असती तर पडली असती पाया, आणि मला वर ढकललं असतं. एक सेकंद वाकायचं, आणि सिस्टर. पाच कागद, एक बटण. मी अण्णांच्या पायाकडं बघितलं. अंगठ्याला नेलपॉलिशसारखी हळद लागली होती, सकाळच्या पूजेची. मला वाटलं, आज वाकले तर कॉलेजात जाईन, पण वाकलेलीच जाईन. तिथंही कुणीतरी झोपाळ्यावर बसलेला असेल.

मी फडकं ओट्यावर ठेवलं.

"म्या न्हाई पडत."

अण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला, शांतपणे उठले, बैठकीत गेले आणि पेटीचं बटण बंद केलं. बाहेर येऊन म्हणाले, "पंचायतीची पेटी हाय. आजपासून बंद. पंचायत बगंल."

भिंतीवरच्या सगळ्यांचं नेट एकदम गेलं. मला वाटलं होतं, आता कुणीतरी बोलेल. निदान एक जण उठून माझ्या शेजारी उभा राहील. कौसामावशी उठली. माझ्याजवळ आली. "कावून बोललीस गं?" तिचा आवाज रडकुंडीला आला होता. "माझं निम्मं झालतं. आता मी काय करू? तुझ्यापायी समद्यांचं गेलं."

ती खरं बोलत होती. तिचं माझ्यामुळंच गेलं होतं. अण्णांनी आम्हाला असं बांधून ठेवलं होतं की एकानं हात सोडवला तर दुसऱ्याला काचायचं.

मी नांदूरघाटच्या रस्त्याला लागले. जीप नव्हती. चालले, मग पळाले. मध्ये एका मोटारसायकलवाल्यानं दीडेक किलोमीटर सोडलं. दुकानात शिरले तेव्हा लाईट होती, नेट होतं, सगळं होतं. पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. दुकानदारानं पान उघडलं. लाल अक्षरात आलं, मुदत संपली आहे. त्यानं दोनदा पान पुन्हा उघडून बघितलं, चांगला माणूस होता. मग म्हणाला, "तासभर आधी यायचं की ताई." मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. बाप एवढंच म्हणाला, "पडायचं की पाया. पाय काय झिजले असते का त्यांचे?" मग बाहेर जाऊन बसला.

पंधरा दिवसांनी पेटी परत चालू झाली. अण्णांच्याच घरात. भिंतीवर परत माणसं बसली. मी गेले नाही. माझ्याऐवजी कुणी बसलं असेल, शेणही कुणीतरी उचललं असेल.

मी पंचायतीत अर्ज दिला. कागदावर, हातानं लिहून. पेटी अण्णांच्या घरी ठेवायचं कुणी ठरवलं, त्याची नक्कल द्या. ग्रामसेवक भाऊसाहेब घाबरट पण सरळ माणूस. म्हणाले, "ताई, कावून यात पडता?" तरी महिन्याभरानं त्यांनी नक्कल दिली.

ग्रामसभेचा ठराव होता. 'कार्यालयाची इमारत गळकी असल्याने यंत्र सरपंचांच्या निवासस्थानी ठेवण्यास सर्वानुमते मंजुरी.' सभा जानेवारीतली. जानेवारीत आमची वस्ती फडावर असते, कोल्हापूर-सांगलीकडं. वस्तीवर तेव्हा कुत्रीसुद्धा नसतात. तरी हजेरीत आमच्या वस्तीची सगळी नावं होती, नावापुढं सह्या होत्या. आणि ठरावाला अनुमोदन देणारा म्हणून एक नाव होतं. ते माझ्या बापाचं.

मी तो कागद बापापुढं धरला. माझा बाप अंगठा लावतो. आयुष्यात त्यानं पेन धरलेलं मी बघितलं नाही.

"माझं नाव कंचं यातलं?" त्यानं विचारलं.

मी बोट ठेवलं. त्यानं सहीवर बोट फिरवलं, हळूहळू, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या रेघेपर्यंत.

"लई झ्याक काढलीया सही," तो म्हणाला.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आईनं तोंडाला पदर लावला. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा खरा राग आला. शेण उचलताना आला नव्हता, फॉर्म बुडाला तेव्हाही असा आला नव्हता. माझ्या बापाला आयुष्यभर सही येत नाही म्हणून हसले हे लोक. आणि पाहिजे तेव्हा त्याची सही करूनही टाकली.

मी दुसरा अर्ज दिला. पेटी शाळेच्या खोलीत बसवा. शाळा गळत नाही. तिथं वीज आहे, दाराला कुलूप आहे, आणि शाळेत शिरताना कुणाच्या पाया पडावं लागत नाही. अर्जात मी आणखी लिहिलं. रेशन नेटवर, पेन्शन नेटवर, दाखला नेटवर, कॉलेजची जागा नेटवर. सरकार आमच्याकडून कागदावर काही घेतच नाही. मग ज्यावर घेतं, ते सगळ्यांना फुकट द्यायला नको का? आणि दिलं म्हणून भागतं का? कुणाच्या दारात दिलं, ते कोण बघणार? रस्त्यावर चालताना कुणी विचारत नाही, चाललीस कुठं आणि बदल्यात काय करशील. एसटीत चढताना मोबाईल उघडून दाखवावा लागत नाही. भाऊसाहेब म्हणाले, अर्जात एवढं लिहीत नसतात. मी म्हटलं, राहू द्या.

अर्ज पुढच्या ग्रामसभेत ठेवू, असं उत्तर आलं. कोणत्या? तर सव्वीस जानेवारीच्या. दसऱ्याच्या आधीची सभा त्यांनी हा विषय न घेता उरकली. वस्ती गावात असते तेव्हा विषय नसतो. विषय असतो तेव्हा वस्ती नसते.

दिवाळीनंतर मी ट्रॅक्टरमध्ये चढले. दुसरं काय करणार होते? आईबरोबर फडावर उतरले, कोयता घेतला. पहिल्या आठवड्यात हात फुटले. उसाचं वाळलेलं पाचट अंगभर टोचायचं. ज्या हॉस्टेलात माझी खाट असती, तिथं आता कोण झोपत असेल, असं मनात यायचं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना मी नावं म्हणायचे. आमच्या वस्तीतून फडावर आलेल्या मोठ्या माणसांची नावं, घरोघर, ओळीनं. एकेचाळीस. आईला वाटलं, देवाचं काही म्हणते.

पंचवीस तारखेला मुकादमाकडं गेले. म्हटलं, गावाकडं जाते, ग्रामसभा हाय.

तो तंबाखू मळत होता. "तोडकऱ्यानं कदी ग्रामसभा बगितलीया का?"

"न्हाई. म्हणून तर जाते."

"गेलीस तर माघारी येऊ नगंस. टोळीत जागा न्हाई ऱ्हायची."

आई खोपीच्या दारात उभी होती. सगळं ऐकत होती. ती मला अडवेल असं वाटलं. तिनं पिशवीत भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "जाय. तुझ्या वाटणीचं मी तोडते." माझी आई, जिला मी विहिरीच्या गोष्टीवरून मनात नावं ठेवली होती.

सकाळी मांजरसुंब्याला उतरले. ढाब्यावर चहा घेतला, जीप बदलत गावात पोचले तर शाळेत झेंडा चढून झाला होता. पोरं साखरेच्या पुड्या खात घरी चालली होती. पंचायतीपुढं सतरंजी अंथरलेली. वीसेक माणसं. सगळी अण्णांच्या बाजूची. अण्णा खुर्चीवर, काकू शेजारच्या खुर्चीवर पदर सावरून. मला बघून अण्णांच्या कपाळाला आठी पडली.

मी भाऊसाहेबांपुढं गेले. "हजेरी द्या. सही करते."

"सह्या मागनं घेऊ ताई."

"मागनं कशाला? म्या आत्ता आलीया."

त्यांनी अण्णांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग वही पुढं सरकवली. पान कोरं होतं. मी सतरंजीवर मांडी घालून बसले आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. पुढं सही केली. मग खालच्या ओळीवर वस्तीतलं पहिलं घर. माणसाचं नाव, आणि सहीच्या जागी लिहिलं: गैरहजर, ऊसतोडीला. मग दुसरं नाव. गैरहजर, ऊसतोडीला. मग तिसरं.

"ए, काय चाललंय तुझं?" अण्णा उठले.

"जे हाईत त्यांनी सह्या कराव्या. जे न्हाईत त्यांचं म्या लिवते."

"तुला कुणी सांगितलं लिवायला?"

"माझ्या बापाची सही केली, तवा बी कुणी सांगितलं नव्हतं."

काकू जमिनीकडं बघत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं. हे म्हणतेत तिथं मी सही करते." त्या कुणाला सांगत होत्या कोण जाणे. अण्णांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या गप्प झाल्या.

मी लिहीत राहिले. हात फुटलेले, पेन घसरत होतं. अक्षर वाईट आलं. एकेचाळिसावं नाव बापाचं. गैरहजर, ऊसतोडीला. त्याखाली मी आडवी रेघ मारली, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुणाला काही लिहिता येणार नाही अशी.

भाऊसाहेबांनी माणसं मोजली. दोनदा मोजली. मग घसा खाकरून म्हणाले, "गणपूर्ती न्हाई. सभा तहकूब."

मला वाटलं, जिंकले. अर्धा मिनिट वाटलं.

अण्णा हसले. खुर्ची मागं सारून उभे राहिले. "काय मिळवलंस? तहकूब सभेला माणसं मोजत न्हाईत. इचार भाऊसायबाला. पुढच्या आठवड्यात धा जणांत ठराव करतो. पेटी हाय तिथंच ऱ्हाईल."

मी भाऊसाहेबांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. खरं होतं.

आज चौथा दिवस. पेटी अण्णांच्या घरातच आहे. टोळीतलं माझं नाव गेलं. तिकडं आई माझ्या वाटणीचा ऊस तोडते आहे. कौसामावशी यंदापासून फडावर जात नाही, वस्तीवर एकटीच असते. ती माझ्याशी अजून बोलत नाही, पण काल माझ्या दारात भाकरी ठेवून गेली. मी हे पंचायतीच्या पायरीवर बसून लिहिते आहे. इथून अण्णांची भिंत दिसते. दोन माणसं बसलीत तिच्यावर.

मी त्या भिंतीवर परत बसणार नाही. ऑगस्टमध्ये यादी पुन्हा लागेल. फॉर्म मी शाळेच्या खोलीत बसून भरीन, नाहीतर आदल्या दिवशीच नांदूरघाटला जाऊन दुकानाच्या दारात ठाण मांडीन. पण कुणापुढं मोबाईल धरणार नाही, आणि वाकणार नाही.

पुढच्या आठवड्यात सभा आहे. त्यांना माणसं मोजायची नाहीत, नका मोजू. वही मी पुन्हा मागणार आहे. दिली नाही तर माझी वही माझ्याजवळ आहे, त्यांच्यापुढं बसून मोठ्यानं म्हणत लिहीन. त्यापुढच्या सभेलाही येईन, आणि त्याच्या पुढच्या. एकेचाळीस नावं आहेत. मला पाठ आहेत.